इंजिन नवं बांधलं तरी ट्रॅक्टर स्लोवर थरथरतोय? पंप खोलण्याआधी डिझेलची लाइन बघा

लायनर, पिस्टन, रिंगा बदलून ट्रॅक्टर घरी येतो. चालू होतो, रेस दिली की बराही चालतो. पण स्लोवर सोडला की आवाज वरखाली होतो, बॉनेट हलतं आणि कधी कधी गाडी बंदच पडते. मालक म्हणतो मिस्त्रीने काम बिघडवलं, मिस्त्री म्हणतो पंपाचं काम काढा. पेरणी तोंडावर असते म्हणून घाईत पंप खोलला जातो आणि इंजिनकामाच्या बिलावर आणखी एक बिल चढतं. पुष्कळ वेळा दोष या दोन्हीत नसतो. तो टाकीपासून पंपापर्यंतच्या साध्या नळीत असतो आणि तिथे तपासायला फारसा खर्चही नाही.

ही माहिती जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मेकॅनिकल डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे.

इंजिन खोलताना डिझेलच्या सगळ्या नळ्या सुटतात. बांधताना त्याच जुन्या नळ्या आणि तेच दबलेले तांब्याचे वायसर परत बसवले जातात. गाडी महिनाभर उभी असेल तर रबरी नळीला चिराही पडतात. टाकी ते फीड पंप हा भाग डिझेल ओढणारा. इथे फट असली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि कुणाला संशय येत नाही. फीड पंपाच्या पुढे मात्र फट असेल तर ओल दिसते.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फीड पंपाआधी फूटभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडायची आणि गाडी स्लोवर ठेवायची. बुडबुडे सतत दिसले तर हवा मागून येतेय. मग क्लिपा आवळाव्या, वायसर नवे टाकावे, काचेच्या वाटीचं आणि फिल्टरचं रबर बघावं. कॉपर वायसर काही रुपयांचा असतो, तो जुना वापरू नये.

त्यानंतर एअर नीट काढायची. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारायचा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. घाईत फक्त फिल्टरची एअर काढली जाते आणि पंपात राहून जाते.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चांगली चालून मग दम तोडत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. सुस्स आवाज होऊन गाडी सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. दोष एवढाच असतो, पण तोवर निम्मी गाडी खोलून झालेली असते.

हवा नाही, तरी डिझेल कमी पडतंय असं वाटलं तर प्रेशर मोजून घ्यावं. अनेक जुन्या इनलाइन पंपांना फीड पंपाकडून साधारण १ ते २ बार प्रेशर लागतं. १ बार म्हणजे साडेचौदा पौंड, जवळपास मागच्या टायरच्या हवेइतकं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. गेज फिल्टरच्या आधी आणि नंतर लावावा. आधी प्रेशर बरं आणि नंतर पडलेलं असेल तर फिल्टर चोंदलाय. दोन्हीकडे कमी असेल तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा टाकीतली जाळी बघावी. प्लॅस्टिकच्या कॅनमधलं डिझेल वापरत असाल तर थोडं काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. पाणी असेल तर खाली बसतं.

लाइन स्वच्छ निघाली तरच नोझलकडे वळायचं. गाडी स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक नाही पडला तर दोष तिथेच. बांधणीनंतर इथे एक चूक नेहमी सापडते. नोझलखालचा जुना वायसर हेडमध्येच चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो. मग नोझल वर राहतं, फवारा चुकतो.

इथे हात जपा. या प्रकारच्या बऱ्याच नोझलांचं प्रेशर २०० बारच्या आसपास असतं. बारीक धार कातडीत घुसली तर टोचल्यासारखंच वाटतं, पण बोट गमवायची वेळ येते. तसं झालं तर घरी न थांबता लगेच दवाखाना गाठावा. गळती शोधायला बोट नव्हे, पुठ्ठा धरावा. कॉमन रेल इंजिनचा पाइप तर कधीच सैल करू नये. तिथे प्रेशर १००० बारच्याही वर जातं. २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक धूर-नियम लागू झाले, तेव्हापासून अशी इंजिनं वाढली आहेत.

एवढं करूनही थरथर राहिली, तर मिस्त्रीला बोलवायचा हक्क आहे. टॅपेटचं अंतर आणि पंपाचं टायमिंग तपासायला सांगावं. गिअर एक दात जरी चुकला तरी फरक पडतो. टायमिंग मागे असेल तर गाडी उशिरा चालू होते आणि पांढरा धूर टाकते, पुढे असेल तर खणखण ठोकते. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघावं लागेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. नव्या रिंगा बसेपर्यंत तो थोडा दिसू शकतो, कमी होत गेला तर काळजी नाही.

स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवायची आणि थरथर झाकायची, हा प्रकार मात्र करू देऊ नये. पंपाचं सीलही तोडू देऊ नये. नवं इंजिन तासन् तास स्लोवर ठेवणंही वाईट, त्याने लायनर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. पहिले ५० तास हलकं ते मध्यम काम द्यावं, नांगरट टाळावी, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून टॅपेट पुन्हा बघून घ्यावे.