सॉल्लाल : कोरियातील चांद्र नववर्षाची परवड

कोरियात चांद्र वर्षाच्या पहिल्या दिवशी साजऱ्या होणाऱ्या 'सॉल्लाल' या सणाचा आधुनिक इतिहास हा राज्यसत्ता आणि घरगुती आचार यांच्यातील दीर्घ संघर्षाचा इतिहास आहे. जोसॉन राजवटीने १ जानेवारी १८९६ पासून सौर दिनदर्शिका स्वीकारली. पुढे १९१० ते १९४५ या जपानी अमलात चांद्र नववर्षाला 'जुने' ठरवून ते मोडीत काढण्याचे प्रयत्न झाले. स्वातंत्र्यानंतर तरी सणाला मान मिळायला हवा होता, परंतु दक्षिण कोरियाच्या शासनाने १९४९ मध्ये जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांचीच सुट्टी जाहीर केली.

घरांनी मात्र आपला क्रम सोडला नाही. पहाटे पूर्वजांपुढे अन्नपेयांचा नैवेद्य मांडण्याचा 'चार्ये' हा विधी होई. त्यानंतर धाकटी मंडळी गुडघे टेकून, कपाळ जमिनीकडे झुकवून वडीलधाऱ्यांना 'सेबे' हा नमस्कार करीत आणि आशीर्वादासोबत थोडे पैसे मिळवीत. तांदळाच्या पिठाच्या लांब पांढऱ्या वळ्या तिरक्या कापून, त्या चकत्या रश्शात शिजवून केलेले 'त्तॉक्कुक' खाल्ल्यावरच वय एका वर्षाने वाढते, अशी समजूत होती.

या चिवटपणापुढे शासनालाच नमावे लागले, तेही टप्प्याटप्प्याने : १९८५ मध्ये 'लोकपरंपरा दिन' अशा आडवळणी नावाने एक दिवसाची सुट्टी मिळाली आणि १९८९ मध्ये मूळ नावासह तीन दिवसांची सुट्टी देण्यात आली.