खणीपासून केंदाळापर्यंत

टाकीचा घाव पडतो आणि दगडाची कपची तुमच्या पायाशी येऊन पडते. तुम्ही रंकाळ्याच्या तळाशी उभे आहात, पण तळं अजून व्हायचंय. ही दगडाची खण. कोल्हापुरातल्या देवळांचा काळा दगड इथूनच गेला, असं परंपरा सांगते. दगड जातो, खड्डा उरतो. त्यात पावसाचं पाणी साठतं, काठाला लव्हाळी धरते, बगळे उतरतात.

आता 1934. तुमच्या कोरेगावहून आगगाडीने तुम्ही कोल्हापुरात आलात. 1931 साली काम सुरू झालेला शालिनी पॅलेस काठावर पुरा होतोय. तुम्ही नंदीच्या देवळापाशी टेकता. समोर टिबुकली बुडी मारते. तिची वाट पाहत तुम्ही एकीकडे डोळे लावता आणि ती भलतीकडेच वर येते. शेजारचे आजोबा हसतात. ‘‘पावणं, ह्यो नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडं सरकतोय आन् तांदळाएवढा मागं येतोय. पाण्याला टेकला की प्रलय!’’

प्रलय येतो तो दुसऱ्याच वाटेने. या शतकात उतरा. पाण्याच्या जागी हिरवंगार कुरण पसरलंय : केंदाळ. एक रोप उपसून पाहा. फुगीर देठ, खाली काळपट मुळांचा झुपका, त्यात अडकलेला गाळ. मूळचं ते दक्षिण अमेरिकेतलं, पण इथे पोसलं आपण. श्याम सोसायटी, परताळा भागातल्या नाल्यांतून सांडपाणी येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद त्याला आयतं मिळतं. वरून असं झाकण बसलं की ऊन खाली पोचत नाही. पाणवनस्पती कुजतात, प्राणवायू संपतो, मासे मरतात. टिबुकलीला बुडी मारायला मोकळं पाणीच उरत नाही.

पुढे रंकाळा राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत येतो. केंदाळ उपसलं जातं, गणपती विसर्जनासाठी शेजारच्या इराणी खणीकडे वळतात. पण नाला वाहता राहिला, तर उरलेलं केंदाळ अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. मग संवर्धनाचीही नंदीसारखीच चाल : गव्हाएवढं पुढे, तांदळाएवढं मागे. सांडपाणी तळ्याआधीच अडवून शुद्धीकरण केंद्राकडे नेल्याशिवाय हा हिशेब सुटत नाही.

आजच्या तारखेला परता. चौपाटीवर भेळ खा, पण आधी नाल्याच्या तोंडाशी जाऊन या. तळ्याची तब्येत तिथेच कळते. आणि घरी, कोरेगावात तिळगंगा नदीच्या काठाने चालताना घरांची गटारं कुठे उतरतात ते बघा. नदीत उतरत असतील, तर नगरपंचायतीत जाऊन विचारा. केंदाळ दिसायला लागल्यावर विचारलं, तर खर्च उपशाचा आणि नाला तसाच.