जन्म-मृत्यू नोंदणी : कार्यालय गावात हवे की संगणकावर?

दुधनी (जि. सोलापूर), प्रतिनिधी : नागरिक म्हणून माणसाचे अस्तित्व एका नोंदीने सुरू होते आणि एका नोंदीनेच संपते. ग्रामीण महाराष्ट्रात ही नोंद आजवर ग्रामपंचायतीत किंवा छोट्या नगरपरिषदेत होत आली आहे. मात्र नोंदणी संगणकावर गेली, एकेका ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक गावांचा कार्यभार आला आणि गावोगावी स्वतंत्र नोंदणी कार्यालय कशाला हवे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. केवळ कार्यालयाला कुलूप लागते की नाही, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. दार उघडे असूनही आत नोंद करणारा नसेल, तर गावकऱ्यांच्या दृष्टीने ते कार्यालय बंदच असते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील दुधनीसारख्या भागात या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत.

कायदा काय सांगतो?

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. राज्याचे काम सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील मुख्य निबंधक पाहतात.  प्रत्यक्ष नोंद मात्र स्थानिक निबंधक करतो. ग्रामपंचायत क्षेत्रात ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे, तर शहरी भागात नगरपरिषद किंवा महापालिकेकडे असते. राज्यातील ग्रामपंचायतींची संख्या सुमारे २८ हजार आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या यंत्रणेचा विस्तार कळून येतो.

या अधिनियमाचे कलम ७ या वादात सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक निबंधकाचे कार्यालय त्याच्या कार्यक्षेत्रातच असले पाहिजे, असे हे कलम सांगते. ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी त्याने तेथे हजर राहावे आणि त्याचे नाव, दिवस व वेळ यांचा फलक स्थानिक भाषेत दरवाजावर किंवा दरवाजाजवळ लावावा, अशीही त्यात तरतूद आहे. मात्र याच कलमानुसार दोन किंवा अधिक स्थानिक क्षेत्रे मिळून एक निबंधक नेमता येतो. कार्यालय जवळ असावे हा आग्रह आणि ती एकत्र करण्याची मुभा, अशा दोन्ही गोष्टी एकाच कलमात आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार घेता येतो.

जन्म किंवा मृत्यूची खबर २१ दिवसांत दिल्यास नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. एक वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे.

चावडीपासून संगणकापर्यंत

गावपातळीवर नोंद ठेवण्याची पद्धत १९६९ च्या अधिनियमाहून बरीच जुनी आहे. ब्रिटिश अमदानीत गावकामगार पाटील व कोतवाल यांच्याकडून जन्म-मृत्यूची माहिती घेतली जात असे. त्या काळच्या नोंदवह्या ‘कोतवाल बुक’ किंवा ‘गाव नमुना १४’ या नावाने ओळखल्या जातात. अनेक नोंदी मोडी लिपीत असून त्यात जातीचाही उल्लेख आढळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली, तेव्हा याच जुन्या वह्या तहसील कार्यालयांतील अभिलेख कक्षांतून बाहेर काढाव्या लागल्या. कुणा कोतवालाने सांगितलेली एक ओळ शतकभरानंतर त्याच गावातील कुटुंबाच्या जातीच्या दाखल्याचा आधार ठरू शकते, हे त्यावेळी सर्वांनाच दिसून आले.

पुढे हे काम ग्रामपंचायतींकडे आले. २०११ पासून ‘संग्राम’ केंद्रांमार्फत ग्रामपंचायतींमध्ये संगणक पोहोचले. त्यानंतर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रे सुरू झाली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने जन्म, मृत्यू व विवाह नोंदीचे दाखले ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घातले. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे २०२४ मध्ये एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नामकरण करण्यात आले. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘ग्रामसेवक’ हाच शब्द कायम आहे.

दुधनीची विशेष स्थिती

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. अक्कलकोट व मैंदर्गी या तालुक्यातील अन्य दोन नगरपरिषदा आहेत. सोलापूर-वाडी लोहमार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीतील अखेरच्या स्थानकांत दुधनीचा समावेश होतो. येथील बाजार समितीत तूर व हरभऱ्याची मोठी उलाढाल होते. घरात कन्नड आणि कार्यालयात मराठी, ही येथील सर्वसाधारण रीत आहे. रुग्णालयासाठी एका दिशेला सोलापूर, तर दुसऱ्या दिशेला कलबुर्गी असे दोन पर्याय रेल्वेने उपलब्ध आहेत.

येथेच कायद्यातील एक नियम अडचणीचा ठरतो. जन्म-मृत्यूची नोंद कुटुंब राहते त्या ठिकाणी होत नाही. घटना जेथे घडली, तेथेच ती होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा या भागात आजही पाळली जाते. सून आळंद किंवा अफझलपूर तालुक्यातील असेल, तर बाळाचा जन्म कर्नाटकात होतो आणि नोंदही तेथेच कन्नड भाषेत होते. पुढे मूल दुधनीच्या मराठी शाळेत जाते तेव्हा आडनावाची अक्षररचना, वडिलांच्या नावाचा क्रम अशा किरकोळ वाटणाऱ्या फरकांमुळे कागदपत्रे जुळत नाहीत. दुरुस्ती करायची झाल्यास मूळ नोंद जेथे आहे त्याच निबंधकाकडे जावे लागते. ते कार्यालय आजोळच्या गावात असेल, तर एका दिवसात काम उरकण्याची आशा असते. तेच दूरच्या तालुक्याच्या ठिकाणी गेले, तर मजुरी बुडवून दोन-तीन खेपा घालाव्या लागतात.

मूलभूत सुविधांचा प्रश्न या भागात किती संवेदनशील आहे, हे २०२२ च्या अखेरीस दिसून आले. रस्ते, पाणी व अन्य सोयी मिळत नसल्याची तक्रार करीत अक्कलकोट तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. शासनाचे अस्तित्व गावाला जाणवते ते अशाच सुविधांतून, हा त्या प्रकरणाचा धडा नोंदणी कार्यालयांनाही लागू पडतो.

एकत्रीकरणाच्या बाजूने

कार्यालये कमी करावीत असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. बहुतेक प्रसूती आता रुग्णालयांत होतात आणि रुग्णालयातील जन्माची खबर देण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णालयावरच आहे. कुटुंबाला केवळ दाखला घ्यायचा असतो. २०२३ च्या दुरुस्तीमुळे हा दाखला नोंदीनंतर सात दिवसांच्या आत, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही देण्याची तरतूद झाली आहे. छोट्या ग्रामपंचायतीत महिन्याकाठी जेमतेम काही नोंदी होत असतील, तर त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था राखणे खर्चिक पडते. शिवाय नोंदवह्या एका ठिकाणी राहिल्यास त्या वाळवी, पाऊस व खाडाखोड यांपासून सुरक्षित राहतात. पदाधिकाऱ्यांच्या किंवा गावातील वजनदार मंडळींच्या दबावाखाली मागील तारखेची नोंद करण्याचे प्रकारही आटोक्यात येतात, असे या बाजूचे म्हणणे आहे.

गावात कार्यालय हवे, कारण...

दुसऱ्या बाजूचा पहिला मुद्दा घरी होणाऱ्या घटनांचा आहे. घरी जन्म किंवा मृत्यू झाल्यास खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर येते. ही खबर तोंडी देता येते आणि लिहिता न येणाऱ्याने नोंदवहीत अंगठा उमटवला तरी चालतो. कायद्याने अशिक्षित माणसाला दिलेली ही मोठी सोय आहे. ती प्रत्यक्षात मिळायची, तर समोर ऐकून लिहिणारा माणूस असावा लागतो. संगणकीय अर्जात ती सोय आपोआप येत नाही. अर्ज भरून देणाऱ्या खासगी केंद्रचालकाला पैसे मोजावे लागले, तर कायद्याने मोफत असलेली नोंदही विकत घेतल्यासारखी होते.

दुसरा मुद्दा ओळखीचा. गावातील ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व पोलीस पाटील यांना कुठे पाळणा हलला आणि कुठे दुखवटा आहे, हे कळलेले असते. त्यामुळे खोटी नोंद टिकत नाही आणि खरी नोंद राहून गेली तर आठवण करून दिली जाते. दूरच्या कार्यालयात बसलेल्या कर्मचाऱ्याला कागदापलीकडे काही दिसत नाही.

उशिराची किंमत वाढली

१ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने जन्माच्या दाखल्याचे महत्त्व अनेक पटींनी वाढवले आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, शासकीय नोकरी आदी कामांकरिता जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला मानला जाणार आहे. या पिढीतील पहिली मुले २०२९ च्या सुमारास पहिलीच्या वर्गाच्या दारात उभी राहतील. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागत असे. यापुढे तसे भागणार नाही.

याउलट राहून गेलेली नोंद करून घेण्याची वाट अवघड झाली आहे. मालेगावसह काही ठिकाणी विलंबित जन्मदाखले बेकायदा दिल्याचे आरोप झाल्यानंतर राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देण्यास स्थगिती दिली, चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि मार्च २०२५ मध्ये अधिक कडक कार्यपद्धती जाहीर केली. गैरप्रकार रोखणे आवश्यक आहे, यात दुमत नाही. पण वेळेवर नोंद करण्याचे ठिकाण दूर गेले की राहून जाणाऱ्या नोंदी वाढतात आणि मग त्याच कुटुंबांना कडक चौकशीच्या रांगेत उभे राहावे लागते, ही साखळी धोरण ठरवताना विसरता येणार नाही.

मृत्यूची नोंद अधिक उपेक्षित

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील सुमारे ८९ टक्के बालकांच्या जन्माची नोंद झाल्याचे आढळले. मृत्यूच्या नोंदीचे प्रमाण मात्र ७१ टक्क्यांच्या आसपास होते. ज्याच्या नावे जमीन नाही, विमा नाही, अशा व्यक्तीचा मृत्यू नोंदवण्याची निकड घरच्यांना भासत नाही. वृद्ध व निराधार स्त्रियांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते. पण सातबारावर वारस लावणे, संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला अनुदान मिळणे, शेतकरी अपघात योजनेचा दावा करणे, यापैकी काहीही मृत्यूच्या दाखल्याविना पुढे सरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २०२१ मध्ये करोनाने दगावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हाही दाखला हीच पहिली पायरी होती.

जपानने काय केले?

१९९९ ते २०१० या काळात जपानमध्ये स्थानिक संस्थांचे मोठे एकत्रीकरण झाले. त्यांची संख्या ३,२३२ वरून १,७२७ पर्यंत खाली आली. कुटुंबाची नोंदवही, म्हणजे ‘कोसेकी’, स्थानिक संस्थेतच ठेवली जात असल्याने गावे विलीन होताच लोकांची गैरसोय होण्याची भीती होती. त्यावर अनेक जुनी गावकार्यालये शाखा म्हणून चालू ठेवण्यात आली. २००१ मध्ये कायदा करून कोसेकीचे दाखले टपाल कार्यालयांतून देण्याचीही मुभा देण्यात आली. कारभार एकत्र झाला, तरी लोकांसमोरची खिडकी जवळ ठेवता येते, हे यातून दिसते.

तोडगा कोणता?

नोंदवह्यांचे जतन, तपासणी व दुरुस्ती ही कामे तालुका पातळीवर एकत्र आणता येतील. खबर घेणे व दाखला देणे ही कामे मात्र गावातच राहिली पाहिजेत. एका ग्रामसेवकाकडे तीन गावे असतील, तर प्रत्येक गावात आठवड्यातील ठरावीक दिवस नोंदणीसाठी राखून ठेवता येतो. आशा कार्यकर्त्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांकडील माहितीशी दरमहा पडताळणी केल्यास राहिलेल्या नोंदी २१ दिवसांच्या मुदतीतच पकडता येतील. सीमाभागात दोन्ही राज्यांच्या दाखल्यांतील नावांच्या दुरुस्तीसाठी एकमेकांशी पत्रव्यवहाराची व्यवस्था झाली, तर कुटुंबांच्या खेपा वाचतील.

यापैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. निबंधकाचे नाव, हजेरीचे दिवस आणि वेळ स्थानिक भाषेत दरवाजावर लिहिण्याचे बंधन १९६९ पासून आहेच. दुधनी परिसरात तो फलक मराठीबरोबरच कन्नडमध्येही लागला आणि त्यावर लिहिलेल्या वेळी आत माणूस भेटला, तर कार्यालय बंद करावे की नाही, या वादाचा बराचसा भाग आपोआप निकालात निघेल.