चोपचिनीची वाट

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यात म्हसा इथं मोठी यात्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं पाहायला लोक लांबून येतात. मी शाळामास्तर असताना जात असे तो मुळ्या मांडून बसणाऱ्या वैदूंसाठी. तिथंच टोकावड्याकडच्या एका ठाकर बाबांची ओळख झाली. पुढं पावसाळ्यात त्यांनी मला रानात नेलं. आकड्यांनी झाडाला धरून चढणारी, रुंद पानांची एक काटेरी वेल दाखवून म्हणाले, "गुरुजी, ही घोटवेल. सांधं धरलं का हिचा कांदा उगाळून लावायचा."

शहापूरला घरी परतल्यावर पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की ही घोटवेल म्हणजे चोपचिनीची बहीण. दोघी एकाच कुळातल्या. चोपचिनी काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळते. तिच्या नावातच तिचा मुलूख आहे. फारसीत 'चोब' म्हणजे लाकूड; तेव्हा चोबचिनी म्हणजे चीनचं लाकूड. हे चिनी लाकूड आपल्याकडे कसं आलं, याची कथा मोठी गमतीची आहे.

सोळाव्या शतकात फिरंग्यांच्या जहाजांबरोबर उपदंश, म्हणजे गरमीचा रोग, आशियाच्या बंदरांतून पसरला. जुन्या ग्रंथांत त्यावर उपाय नव्हता. तेव्हा एकाच शतकातल्या तीन ग्रंथकारांनी याच कुळातल्या कंदांची दखल घेतली.

पहिला गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यानं उपचार केले, मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. त्याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातलं एक प्रकरण या चिनी मुळीवर आहे. दुसरे आपले भावमिश्र. त्यांच्या 'भावप्रकाश' ग्रंथात 'फिरंग रोग' हे नाव येतं आणि त्यावर चोपचिनीचा उपाय येतो. परका रोग आणि परकी मुळी, दोन्हींना आयुर्वेदानं संकोच न करता जागा दिली.

तिसरा चीनमधला ली शिझेन. वैद्याचा मुलगा. सरकारी परीक्षेत तीनदा नापास झाला आणि वडिलांच्याच व्यवसायात शिरला. जुन्या औषधग्रंथांत त्याला चुका दिसू लागल्या. एकाच वनस्पतीला दोन नावं, तर कुठं दोन वनस्पतींना एकच नाव. मग त्यानं १५५२ पासून १५७८ पर्यंत खपून 'बन्त्साओ गांगमू' हा ग्रंथ रचला. त्यात १८९२ औषधद्रव्यं आणि अकरा हजारांवर पाठ आहेत. केवळ जुनी पुस्तकं उतरून काढण्यावर त्याचं समाधान नव्हतं; शेतकरी, कोळी, शिकारी यांना विचारून तो माहिती पडताळी. उपदंशावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधानं रोग्यांचे कसे हाल होतात आणि तिथं थुफूलिंग नावाचा कंद कसा वापरावा, हे त्यानं लिहून ठेवलं. हा थुफूलिंगही चोपचिनीच्याच कुळातला. ग्रंथ १५९६ मध्ये नानजिंगला छापून निघाला, तेव्हा ली शिझेनला जाऊन तीन वर्षं झाली होती. २०११ मध्ये युनेस्कोनं जगाच्या स्मृतिठेव्यात त्याची नोंद केली.

आता खरं सांगायचं, तर चोपचिनीनं उपदंश बरा होत नाही. तो खात्रीनं बरा होऊ लागला १९४३ नंतर, पेनिसिलिनमुळे. मग या ग्रंथांचं मोल काय? मोल हे, की त्यांनी लिहून ठेवलं. लिहिलेलं तपासता येतं. चुकीचं असेल तर बाजूला ठेवता येतं आणि बरोबर असेल तर पुढं नेता येतं. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्यानं तापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. तेवढ्या एका ओळीवरून तू यूयू या संशोधक बाईंना हिवतापावरच्या औषधाचा धागा मिळाला आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फाल्सिपेरम हिवतापाच्या रोग्याला ज्या गोळ्या देतात, त्यांत याच घराण्यातलं औषध असतं. सोळाशे वर्षांपूर्वीची ओळ अशी आमच्या पाड्यांपर्यंत पोचली आहे.

आणि पाड्यांवरच्या ओळींचं काय? माळशेजपासून डोळखांबपर्यंतच्या रानातलं कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे. त्यातलं काही चोपचिनीसारखं फसवं निघेल, काही गे होंगच्या ओळीसारखं खरं ठरेल. पण ते ठरवायला आधी कागदावर उतरायला हवं, आणि ज्याचं आहे त्याच्या नावानिशी.

त्या दिवशी मी बाबांना म्हटलं होतं, "पुढच्या खेपेला वही घेऊन येतो." पुढं शाळेची कामं निघाली, परीक्षा आल्या. दोन वर्षांनी म्हशाला गेलो तर त्यांच्या जागेवर प्लॅस्टिकच्या खेळण्यांचं दुकान होतं. बाबा गेल्याचं शेजारच्या घोंगडीवाल्यानं सांगितलं. त्यांनी मला दाखवलेल्या तीसेक वनस्पतींपैकी माझ्या लक्षात राहिल्या पाच. घोटवेल त्यातली एक.

आता मी वही बरोबर ठेवतो. तुमच्या गावात असं कुणी असेल, तर तुम्हीही ठेवा. पुढच्या खेपेची वाट पाहू नका.