खेळ: मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी का आवश्यक?

तापाच्या मुलाला दवाखान्यात आणले की आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो: "ताप उतरल्यावर खेळतो का?" हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. औषधाने ताप उतरल्यावर मूल खेळू लागले, पाणी पिऊ लागले, तर बहुतेक वेळा आजार गंभीर नसतो. ताप उतरूनही ते मलूल पडून राहिले, आवडत्या खेळण्याकडे बघतही नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ताप आला तर मात्र काहीही वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

मुलाची वाढही खेळातून दिसते. दीड-दोन वर्षांच्या सुमारास मुले खोटेखोटे खेळू लागतात. बाहुलीला भरवतात, रिकाम्या कपातून चहा पितात, टीव्हीचा रिमोट कानाला लावून "हॅलो" म्हणतात. भातुकलीची ही सुरुवात. दोन वर्षे होऊनही असा खेळ दिसत नसेल, मूल हाकेला वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर "याचे बाबाही उशिराच बोलले" अशी समजूत करून घेऊ नका. बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे ही तपासणी मोफत होते.

शाळकरी मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांना खेळायचे असते, आपण सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल व्हायला हवी. लगोरी, लंगडी, पकडापकडी, सायकल, काहीही चालेल. त्यासाठी महागडा कोचिंग क्लास लागत नाही. शिवाय दिवसाउजेडी रोज सुमारे दोन तास बाहेर राहणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा, म्हणजे मायनस नंबर, लागण्याची शक्यता कमी होते. एकदा लागलेला नंबर मात्र खेळाने उतरत नाही. दहावीच्या वर्षात सर्वात आधी खेळच बंद केला जातो, आणि मार्क कमी पडले की शिक्षाही खेळ बंद करण्याचीच. माझ्या मते ही शिक्षा चुकीची आहे.

आता तुमच्याबद्दल. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे सांगितले जाते. "चालायला जा" हा सल्ला अनेकांकडून महिनाभरही पाळला जात नाही. संध्याकाळी मुलांबरोबर बॅडमिंटन खेळणे त्यापेक्षा जास्त टिकते, आणि तेही या १५० मिनिटांत धरले जाते.

चाळिशीनंतर बऱ्याच वर्षांनी एकदम सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेत उतरणार असाल, तर आधी काही आठवडे हळूहळू सवय करा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर खेळताना एकदम कमी होऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. खेळताना छातीत दाब किंवा दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर यांपैकी काही जाणवले तर तिथेच थांबा. ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.