आकाशवाणी नेमकी कोणाची?

१९२७ साली मुंबई इलाख्यात दोन घटना घडल्या. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २३ जुलैला व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. तळे सार्वजनिक होते, तरी त्यावर हक्क सांगायला सत्याग्रह करावा लागला. रेडिओचेही तसेच आहे असे आम्ही म्हटले की अनेकांना ती अतिशयोक्ती वाटते. म्हणून एका तारखेचा इतिहास पाहू.

३ ऑक्टोबर १९५४. आकाशवाणीवरून बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी देशाला सांगितले. सरकारी माध्यमावर धर्मविचार मांडण्याचा हा एक नमुना. त्यात कर्मकांड नव्हते, माणसामाणसांतल्या नात्याचा विचार होता.

३ ऑक्टोबर २०१४. त्या दिवशी विजयादशमी होती. १९२५ साली याच सणाला नागपुरात संघाची स्थापना झाली. १९५६ साली अशोक विजयादशमीला त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. म्हणजे एकच शहर, एकच सण आणि दोन परस्परविरोधी विचार. त्या दिवशी दूरदर्शनने सरसंघचालकांचे भाषण थेट दाखवले. आकाशवाणीवरून पंतप्रधानांची ‘मन की बात’ सुरू झाली, तीही विजयादशमीच्या शुभेच्छांनी. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान तेव्हा अवघ्या १२ दिवसांवर होते. टीका झाली तेव्हा ‘बातमीमूल्य होते’ असे समर्थन पुढे आले.

हा रोग एकाच पक्षाचा आहे असे आमचे म्हणणे नाही. आणीबाणीत आकाशवाणीला लोक ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणत. पण तेव्हाचा पक्षपात लोकांना उघड दिसत होता. सणाच्या शुभेच्छांतून आलेला पक्षपात मात्र ‘संस्कृती’ म्हणून खपून जातो. म्हणूनच तो अधिक धोक्याचा.

कायदा काय सांगतो? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. १९९० च्या प्रसार भारती कायद्याचे कलम १२ तर आणखी स्पष्ट आहे : स्वतःची कोणतीही विचारसरणी न पुढे रेटता परस्परविरोधी मते समतोलपणे मांडावीत, सामाजिक न्यायाला चालना द्यावी, अस्पृश्यतेसारख्या दुष्प्रथांशी लढावे. अस्पृश्यतेविरुद्ध लढणे हे या संस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

भजन बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. संतवाणी आमचीही आहे. आमचा प्रश्न वाटणीचा आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून उरलेल्या दिवसांत बुद्ध-कबीर-फुले-आंबेडकरी विचाराला किती मिनिटे मिळतात?

उत्तर भावनेने नको, आकड्यांनी मिळवू. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी महिनाभर सकाळचे प्रसारण ऐकून वहीत नोंद ठेवावी. कोणाचा विचार, किती मिनिटे, एवढेच लिहावे. मग माहिती अधिकारात केंद्राची कार्यक्रमपत्रिका मागवून ताडून पाहू. तळ्याचे पाणी मागून मिळाले नव्हते. लहरींवरचा हक्कही आपणच बजावावा लागेल.

जय भीम!