जबडा 'कट्ट' वाजतो? टीएमजेचा त्रास आणि त्यावरचे उपचार

गेल्या वर्षी रिलीजच्या धावपळीत रोज सकाळी माझी कानशिलं ठणकायची. कडक भाकरी चावताना कानापुढे 'कट्ट' वाजायचं. सोलापूरकराला कडक भाकरी चावेना, म्हणजे प्रकरण गंभीरच! आधी कान दाखवला, तो ठीक निघाला. मग दातांच्या डॉक्टरांकडे कळलं, मी झोपेत दात खातो.

कानाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट, म्हणजे टीएमजे. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि मोठा 'आ' करताना ड्रॉवरसारखा पुढे सरकतोही. आत दोन हाडांमध्ये एक छोटी चकती असते. ती जागची हलली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत.

दुखत असेल तर सुरुवात साधी असते: काही दिवस मऊ जेवण, गरम शेक, जबड्याचे हलके व्यायाम. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले, ही जबड्याची आरामाची स्थिती. (आत्ता वाचताना दात आवळलेत का, बघा.) मला रात्री घालायचा नाइट गार्ड मिळाला. हल्ली काही क्लिनिकमध्ये तोंडाचा थ्रीडी स्कॅन करून तो प्रिंटही करतात. गार्डमुळे दात झिजायचे वाचतात, सवय मात्र जाईलच असं नाही. ओपीजी एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. चकती बघायला एमआरआय लागतो, पण तो प्रत्येकाला लागत नाही. कुणी पहिल्याच भेटीत दात घासून 'बाइट सेट' करू म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. घासलेला दात परत येत नाही, इथे अनडू नाही.

आता फोनचा उपयोग. समोरून स्लो-मोशन व्हिडिओ घेत तोंड उघडा. जबडा एका बाजूला वळत असेल तर तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

मग स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात बसतात का बघा. बसत नसतील तर चकती अडकलेली असू शकते. पण आपल्याकडे आणखी एक कारण असतं: सुपारी. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी मावा कुठे मिळतो हे कॉलेजच्या पोरांना विचारा. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तिखट झोंबू लागतं, तोंड कमी उघडतं. हा सांध्याचा आजार नाही, यात पुढे कर्करोगाचा धोका असतो. इथे नाइट गार्ड कामाचा नाही. सुपारी त्याच दिवशी बंद करून तोंड तपासून घ्यावं लागतं.